शाळेत न शिकवलेला धडा

बेळगाव जिल्ह्यातील निपाणी ही महामार्गावरील तंबाखूची बाजारपेठ. सांगलीच्या ‘संग्राम’ संस्थेने १९९२ मध्ये वेश्याव्यवसायातील महिलांमध्ये सुरू केलेले एचआयव्ही प्रतिबंधाचे काम पुढे निपाणीपर्यंत पोहोचले. निरोधचा आग्रह कसा धरावा, हे या महिलांनीच एकमेकींना शिकवले.

शाळांत मात्र उलट घडले. २००७ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांनी लैंगिक शिक्षणाचा अभ्यासक्रम रोखला. त्यामुळे सीमेच्या अलीकडील आणि पलीकडील मुले सारखीच अनभिज्ञ राहिली.

वास्तविक माहिती थोडकीच आहे. असुरक्षित संबंधानंतर ७२ तासांच्या आत औषधे सुरू करून ती २८ दिवस घेतल्यास संसर्ग टळू शकतो. संसर्गानंतर लगेच केलेली चाचणी निगेटिव्ह येऊ शकते. म्हणून तीन महिन्यांनी ती पुन्हा करावी. सरकारी रुग्णालयांतील समुपदेशन व चाचणी केंद्रांत ही तपासणी मोफत होते. २०१७ च्या कायद्याने चाचणीसाठी संमती आणि निष्कर्षाची गोपनीयता बंधनकारक केली आहे. १०९७ या मोफत क्रमांकावरही सल्ला मिळतो.

अठरा वर्षांखालील मुलांच्या चाचणीसाठी मात्र पालकांची संमती लागते. शाळेने टाळलेला विषय अखेर घराच्या उंबरठ्यावर येतो तो असा. तेथेही मौनच मिळाले, तर ७२ तास सरायला वेळ लागत नाही.