सालोमालोचे वारसदार

चैत्र पौर्णिमा जवळ आली की नांदुरीहून सप्तशृंग गडावर चढणारा घाट माणसांनी भरून जातो. धुळे-जळगावकडून उन्हातान्हात पायी आलेले भाविक कळवण तालुक्यात शिरतात. समजा, कळवणच्या एका शिक्षिकेने या गर्दीवर लेख लिहिला. रात्री जागून लिहिला, दोनदा तपासला, खाली नाव-गाव घातलं आणि व्हॉट्सॲपच्या दोन-तीन ग्रुपवर टाकला. चार दिवसांनी तोच लेख नाशिकच्या मावसभावाने तिलाच पाठवला. परिच्छेद तेच, स्वल्पविरामही तेच. शेवटची ओळ तेवढी गायब, आणि तिच्या जागी ‘आवडलं म्हणून पुढे पाठवतोय’. आणखी आठवड्याभराने लेख एका फेसबुक पेजवर झळकला. या वेळी खाली नाव होतं, पण भलत्याच माणसाचं.

ही शिक्षिका कल्पनेतली. प्रकार मात्र ज्याच्या हातात मोबाइल आहे त्या प्रत्येकाने पाहिलेला. आणि तो मोबाइलमुळे सुरू झालेला नाही.

तुकोबांच्या गाथेत काही अभंग ‘सालोमालो’ या मथळ्याखाली छापलेले असतात. परंपरा सांगते ती हकिकत अशी: सालोमालो हा तुकोबांच्या काळातला कीर्तनकार. तुकोबांचे अभंग तो घ्यायचा, शेवटच्या चरणातली ‘तुका म्हणे’ ही मुद्रा काढून तिथे आपलं नाव बसवायचा आणि रचना स्वतःची म्हणून गायचा. इथे एक गंमत आहे. ‘तुका म्हणे’ ही चार अक्षरं, ‘सालोमालो’ हीही चारच. अक्षरं मोजून चालणाऱ्या छंदात ही अदलाबदल कानाला खटकतसुद्धा नाही. तुकोबा यावर गप्प राहिले नाहीत. या उचलेगिरीवर त्यांनी अभंगांतूनच सडकून टीका केली.

मुद्रेची ही युक्ती संतकवींनी फार आधीपासून वापरली. नामा म्हणे, चोखा म्हणे, नामयाची जनी, एका जनार्दनी. छापखाना नाही, मुखपृष्ठ नाही, रचना तोंडातोंडी फिरणार. अशा काळात नाव पानाच्या तळाशी लिहून भागत नाही. ते ओळीच्या आतच गुंफावं लागतं, म्हणजे गाणाऱ्याला ते घेतल्याशिवाय अभंग पुरा करता येत नाही. सालोमालोसारखा एखादा भेटतोच, पण त्याला निदान कष्ट तरी घ्यावे लागतात. आजच्या लेखाखालची ओळ कापायला अंगठ्याची एक हालचाल पुरते.

मुद्रेलाही मर्यादा होत्या. तेराव्या-चौदाव्या शतकातले नामदेव आणि सोळाव्या शतकातला विष्णुदास नामा दोघेही ‘नामा’च. नामदेवांच्या गाथेत दोघांच्या रचना अशा मिसळल्या की त्या वेगळ्या करण्यात अभ्यासकांच्या पिढ्या गेल्या. इथे चोर कोणीच नव्हता. सारख्या नावाने घोळ केला.

उलट दिशेनेही हात चालतात. आपलं नाव दुसऱ्याच्या रचनेवर लावण्याऐवजी आपली ओळ मोठ्याच्या रचनेत सरकवून द्यायची. ज्ञानेश्वरीच्या पोथ्या तीनशे वर्षं हाताने नकलल्या जात होत्या. कुणी चुकून शब्द बदलला, कुणी हौसेने ओवी घातली. एकनाथांनी जुन्या प्रती ताडून 1584 साली, म्हणजे शके 1506 मध्ये, शुद्ध प्रत सिद्ध केली आणि यापुढे कुणी स्वतःची ओवी यात घालू नये, अशी कडक ताकीद शेवटी लिहून ठेवली. मराठीतलं हे बहुधा सर्वांत जुनं आणि सर्वांत नेमकं संपादन. जुन्या मजकुराची नव्याने मांडणी करायची, पण त्यात लुडबूड करायची नाही, ही शिस्त एकनाथांनी स्वतः कवी असून पाळली. हे सोपं नसतं.

तुकोबांच्या गाथेची अशीच निगुतीने मांडणी पुढे इंग्रजी अमदानीत झाली. विष्णु परशुरामशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी देहू, तळेगाव, कडूस आणि पंढरपूर इथल्या हस्तलिखितांचा आधार घेतला. मुंबई सरकारने त्यासाठी 24,000 रुपये मंजूर केले आणि 1873 पर्यंत साडेचार हजारांहून अधिक अभंगांची ही आवृत्ती छापून पूर्ण झाली. चार ठिकाणच्या चार प्रती होत्या, म्हणून ताडून पाहता आलं. एकच असती तर तिच्यावर विश्वास ठेवण्याखेरीज इलाज नव्हता.

सालोमालोला खरी प्रसिद्धी मिळाली ती मात्र गाथेमुळे नाही, सिनेमामुळे. प्रभातचा ‘संत तुकाराम’ 1936 साली आला. दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल, तुकारामांच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस. पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला. त्यातला खलनायक सालोमालो हे अभंग आपलेच आहेत, तुकारामाने ते चोरले, असा उलटा कांगावा करतो. गंमत पुढे आहे. याच चित्रपटात बीज आणि वृक्षाच्या रूपकावरचं एक गाणं आहे. ते लिहिलं शांताराम आठवले यांनी. पण ते तुकोबांच्या वाणीशी इतकं मिळतंजुळतं उतरलं की हजारो प्रेक्षकांनी ते तुकोबांचंच मानलं आणि जाणकारसुद्धा ते गाथेत शोधू लागले. संताचं नाव कापणाऱ्याला ज्या चित्रपटाने खलनायक केलं, त्याच चित्रपटाच्या कवीचं नाव लोकांनी संताच्या नावाखाली हरवून टाकलं. आठवल्यांनी कुणाला फसवलं नव्हतं. त्यांचं गाणं फक्त फार चांगलं होतं.

हा दुसरा आजार आज पहिल्याइतकाच बळावला आहे. पु. ल. देशपांडे, व. पु. काळे, कुसुमाग्रज, नाना पाटेकर यांच्या नावावर जे काही फिरतं, त्यातलं कितीतरी त्यांनी कधी लिहिलेलं नाही. कुणा अनोळखी माणसाने मनापासून चार ओळी लिहिलेल्या असतात. त्या पुढे जाव्यात म्हणून वाटेत कुणीतरी त्यांना वजनदार नाव चिकटवतो. नुकसान दोघांचं होतं: लिहिणाऱ्याची ओळ जाते आणि ज्याचं नाव लागलं त्याच्या खाती कच्चा माल जमा होतो.

तर कळवणच्या त्या शिक्षिकेने काय करावं? ‘सोशल मीडियावर टाकलं म्हणजे सगळ्यांचं झालं’ असं तिला दहा जण सांगतील. दहाही जण चुकीचे आहेत. भारताच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेख लिहून झाला त्या क्षणी हक्क निर्माण होतो. नोंदणी सक्तीची नाही. ‘सर्व हक्क राखीव’ असं लिहिलं नाही म्हणून हक्क जात नाही. तो लेखकाच्या हयातीत राहतो आणि मृत्यूनंतरच्या वर्षापासून पुढे 60 वर्षं वारसांकडे राहतो. ही मुदत आधी 50 वर्षं होती. रवींद्रनाथ ठाकुरांच्या साहित्यावरचा हक्क संपायची वेळ आली तेव्हा, 1992 साली, ती 10 वर्षांनी वाढली. साने गुरुजी 1950 मध्ये गेले, म्हणून 2011 पासून ‘श्यामची आई’ कुणालाही छापता येते आणि बाजारात तिच्या किती आवृत्त्या दिसतात ते वाचकांना ठाऊकच आहे. कुसुमाग्रज 1999 मध्ये गेले. त्यांच्या कविता 2059 अखेरपर्यंत विनापरवाना छापता येणार नाहीत, मग 27 फेब्रुवारीला, त्यांच्या जयंतीला, त्या कितीही प्रेमाने पाठवल्या जावोत.

कायद्यातलं सर्वांत माणुसकीचं कलम 57 वं. लेखकाने पैसे घेऊन हक्क विकून टाकला तरी दोन गोष्टी त्याच्याकडेच राहतात: ‘हे मी लिहिलं’ असं म्हणण्याचा अधिकार, आणि आपली प्रतिष्ठा जाईल अशी मोडतोड थांबवण्याचा अधिकार. हिंदी लेखिका मन्नू भंडारी यांच्या ‘आपका बंटी’ कादंबरीवरून चित्रपट निघाला, तेव्हा केलेल्या बदलांविरुद्ध त्या न्यायालयात गेल्या. दिल्ली उच्च न्यायालयाने 1986 मध्ये हे कलम शोभेचं नाही हे स्पष्ट केलं.

दिवाळी अंकांना लिहिणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट जाणून घ्यावी. 1909 च्या ‘मनोरंजन’पासून चालत आलेल्या या परंपरेत करार बहुतेक वेळा फोनवरच होतो. पण हक्काचं हस्तांतर लेखी नसेल तर ते कायद्यात धरलं जात नाही. लेखी असून मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं मानली जाते. नोकरीत नसलेल्या लेखकाचा लेख अंकात छापून आला, एवढ्यावरून तो संपादकांच्या मालकीचा होत नाही.

हक्क आहे हे ठीक, पण तो बजावणं वेगळं. बहुतेक प्रकरणं न्यायालयापर्यंत जात नाहीत आणि जाऊही नयेत. एखाद्या पेजवर लेख दिसला तर आधी त्याचा दिनांकासह स्क्रीनशॉट घ्यावा आणि पेज चालवणाऱ्याला साधा निरोप पाठवावा. निम्म्या लोकांना आपण काही चुकीचं केलं याचा पत्ताच नसतो. उत्तर आलं नाही तर त्या कंपनीकडे लेखी तक्रार करता येते. 2013 च्या कॉपीराइट नियमांनुसार अशी तक्रार मिळाल्यावर कंपनीने 36 तासांत तो मजकूर लोकांना दिसणार नाही अशी व्यवस्था करायची असते. मात्र 21 दिवसांत न्यायालयाचा आदेश आणला नाही तर मजकूर परत दिसू शकतो. ही मेख बहुतेकांना ऐन वेळी कळते.

नोंदणी सक्तीची नसली तरी उपयोगाची आहे. दिल्लीच्या कॉपीराइट कार्यालयात साहित्यकृतीसाठी 500 रुपये शुल्क पडतं, अर्ज घरबसल्या ऑनलाइन करता येतो, आणि वाद झाला तर ते प्रमाणपत्र प्रथमदर्शनी पुरावा ठरतं. स्वतःलाच रजिस्टर पोस्टाने लेख पाठवून पाकीट न फोडता ठेवण्याची जुनी युक्ती अजून ऐकू येते. कायद्यात तिला वेगळं स्थान नाही.

दावा करायचाच झाला तर चोर मुंबईत आहे म्हणून मुंबईला खेटे घालावेत असं नाही. कलम 62 प्रमाणे लेखक जिथे राहतो किंवा काम करतो, तिथल्या जिल्हा न्यायालयात दाद मागता येते. म्हणजे कळवणच्या लेखिकेसाठी नाशिक जिल्ह्यातच. जाणूनबुजून केलेल्या चोरीला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50,000 ते दोन लाख रुपये दंड सांगितला आहे. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये ठरवलं. कैदेचं नाव ऐकून एखाद्याची झोप उडेल, पण आपली कथा उचलली असं म्हणणाऱ्यालाही खूप काही सिद्ध करावं लागतं.

कारण कल्पनेवर कुणाची मालकी नसते. ‘हम हिंदुस्तानी’ या नाटकावरून ‘न्यू दिल्ली’ हा चित्रपट उचलला, असा दावा नाटककार आर. जी. आनंद यांनी केला होता. सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये तो फेटाळला. विषय, कथाबीज, ऐतिहासिक घटना सर्वांच्या. हक्क असतो तो त्या मांडण्याच्या पद्धतीवर. गडाच्या यात्रेवर दुसऱ्याने लिहिलं तर शिक्षिकेला तक्रार नाही. तिचीच वाक्यं, तिचाच क्रम, तिचीच चूक जशीच्या तशी आली तर आहे. चूक हा तर पुष्कळदा सर्वांत बोलका पुरावा असतो. वेळही महत्त्वाची. 2020 मध्ये एका लेखकाने नेटफ्लिक्सच्या ‘बेताल’ मालिकेविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली, ती प्रदर्शनाच्या अगदी तोंडावर. आपलं लेखन समोरच्यांच्या हाती कसं पडलं हेही त्याला दाखवता आलं नाही आणि न्यायालयाने स्थगिती नाकारली. लेख कुणाला, कधी, कोणत्या मेलवर पाठवला याची नोंद ठेवणं कंटाळवाणं वाटतं, पण खटला त्यावरच उभा राहतो.

विद्यापीठांत मात्र हिशेब टक्क्यांत होतो. यूजीसीच्या 2018 च्या नियमांत प्रबंधातलं 10 टक्क्यांपर्यंतचं साम्य माफ आहे आणि 60 टक्क्यांपुढे गेलं तर नोंदणीच रद्द. शब्द फिरवून देणारी साधनं हाताशी आल्यावर या टक्क्यांना किती अर्थ उरला, हा प्रश्नच आहे.

कायद्याची दोरी सर्वांत तोकडी पडते ती कळवणच्या डोंगरकुशीतल्या पाड्यांवर. इथल्या कोकणा आणि भिल्ल समाजात मार्गशीर्षात डोंगऱ्या देवाचा उत्सव होतो. पावरी वाजते, कथा गायली जाते. त्या कथेला लेखक नाही, म्हणून कॉपीराइट नाही. कळवणच्या आसपासच्या कसमादे पट्ट्यातल्या जुन्या अहिराणी लग्नगीतांचंही तेच. लासलगावच्या कांद्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, येवल्यात विणल्या जाणाऱ्या पैठणीला त्याआधीच मिळालं होतं. कांद्याच्या नावाला संरक्षण आहे, तो लावताना बायका गातात त्या गाण्याला नाही. उद्या कुणी शहरातून कॅमेरा घेऊन आला, पावरीवाल्याचं वादन टिपलं आणि आपल्या चॅनेलवर चढवलं तर?

सूर सर्वांचा असला तरी वादन त्या माणसाचं असतं, आणि कायदा हे ओळखतो. गायक, वादक, नर्तक यांना 1994 च्या दुरुस्तीपासून कलाकार म्हणून स्वतंत्र हक्क आहे, आणि त्याची मुदत आता 50 वर्षं आहे. 2012 च्या दुरुस्तीने त्यात आपलं नाव लावलं जाण्याचा हक्कही घातला. त्यासाठी शिक्षणाची, नोंदणीची, कलाकार असल्याच्या दाखल्याची अट नाही. चित्रीकरणाला येणाऱ्याने आधी परवानगी घ्यायची, वाजवणाऱ्याचं नाव आणि पाडा व्हिडिओत लिहायचा, आणि पैसे मिळणार असतील तर वाटा आधी ठरवायचा. ठरलेलं कागदावर घ्यावं, दिनांकासह, आणि त्याची एक प्रत पाड्यावरच ठेवावी.