अनुभव आहे, पण सनद कोठे?

कापड बाजारात ताग्यावर गिरणीचा शिक्का नसेल तर परगावचा व्यापारी भाव पाडून मागतो. माल तोच असतो, किंमत मात्र उतरते. आपल्या तरुणांच्या कामाचेही असेच होते. कोकणातील कितीतरी घरांतील मुले दुबई, दोहा, कुवेतमध्ये इमारती, रस्ते आणि तेलाच्या कामांवर वर्षानुवर्षे राबतात. पन्नास-पन्नास माणसांकडून वेळेत काम करून घेतात. परंतु वरच्या जागेसाठी अर्ज केला की पुष्कळदा विचारणा होते, "पी.एम.पी. आहे का?" मग धावपळ सुरू होते आणि 'हमखास पास' म्हणणाऱ्या एजंटाच्या हाती घरची पुंजी जाते. म्हणून ही सनद काय आहे, ती कशी मिळते आणि कशी टिकते, हे व्यापारी व कारागीर बांधवांनी समजून घेणे जरूर आहे.

सनद कोण देते?

पी.एम.पी. म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल. अमेरिकेत १९६९ साली स्थापन झालेली प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट, म्हणजेच पी.एम.आय., ही सनद देते. पहिली परीक्षा १९८४ साली झाली. ही सरकारी पदवी नव्हे, आणि दुकान चालवण्यासाठी तिची गरजही नाही. ज्याला मोठ्या कंपनीत प्रकल्पाची जबाबदारी हवी आहे, त्याच्यासाठी ती आहे.

प्रकल्प कशाला म्हणावे?

येथे पुष्कळांची गफलत होते. चोवीस माग रोज चालवणे हा धंदा झाला. त्याला शेवट नाही. पण जुने साधे माग काढून त्यांच्या जागी रॅपिअर माग बसवायचे ठरले, तर तो प्रकल्प होय. त्यात शेड उभारणे, वीजजोडणी वाढवून घेणे, यंत्रे मागवणे, कारागिरांना शिकवणे ही कामे येतात. त्याला सुरुवात आहे, मुदत आहे, ठरलेला खर्च आहे आणि शेवट आहे. अर्जात असल्याच कामाचा अनुभव धरतात, आणि तोही काम पुढे राहून करवून घेतल्याचा. हुद्दा 'मॅनेजर'च असला पाहिजे असे नाही.

पात्रता किती?

पदवीधराला असा ३६ महिन्यांचा अनुभव लागतो. केवळ शालेय शिक्षण झालेल्याला ६० महिन्यांचा लागतो. शिवाय या विषयाचे ३५ तासांचे शिक्षण घ्यावे लागते. एकाच महिन्यात दोन प्रकल्प सांभाळले असले तरी तो महिना एकदाच मोजला जातो. ज्याच्याकडे अनुभव नाही त्याने घाबरू नये. त्याच संस्थेची सी.ए.पी.एम. ही धाकटी सनद आहे. तिला शालेय शिक्षण आणि २३ तासांचा अभ्यास पुरतो. अनुभवाची अट नाही.

कागद सांभाळा

अर्ज केल्यावर त्यातील काही अर्ज तपासणीसाठी निवडले जातात. तेव्हा शिक्षणाचे दाखले द्यावे लागतात आणि ज्याच्या हाताखाली काम केले त्याच्याकडून त्या कामाची खात्री करून द्यावी लागते. त्यासाठी ९० दिवसांची मुदत मिळते. आपली माणसे नेमकी येथेच अडतात. आखातात काम संपले की कंपनीची माणसे चार देशांत पांगतात. पाच वर्षांपूर्वीच्या साहेबाला आता कोठे शोधायचे? म्हणून काम चालू असतानाच एक वही घालावी. कामाचे नाव, सुरू झाल्याची व संपल्याची तारीख, हाताखालची माणसे, आपली जबाबदारी आणि साहेबाचा पत्ता व ई-मेल तीत लिहावा. निघण्यापूर्वी अनुभवाचे पत्र घ्यावे. आपण खतावणी जशी रोजच्या रोज लिहितो, तशी ही नोंद करावी. वर्षाअखेरीस आठवून लिहिलेला हिशेब कधी जुळत नाही.

परीक्षा कशी असते?

जानेवारी २०२१ मध्ये लागू झालेल्या स्वरूपात १८० प्रश्न आणि २३० मिनिटे होती. काही वर्षांनी हे स्वरूप बदलते, तेव्हा अर्ज करण्याआधी पी.एम.आय.च्या चालू नियमपुस्तिकेत पाहून घ्यावे. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये. पाठांतर फारसे कामी येत नाही. अमुक पुरवठादार उशीर करतो, दोन कारागिरांत तंटा आहे, गिऱ्हाईक मधेच नमुना बदलतो, आता आपण काय कराल, अशा धाटणीचे प्रश्न असतात. अर्ज मंजूर झाल्यावर एका वर्षात तीन वेळा बसता येते. संस्थेच्या सभासदांना परीक्षेचे शुल्क कमी पडते. इंग्रजीखेरीज अरबीसह काही अन्य भाषांतही परीक्षा देता येते.

मिळाली म्हणजे झाले नाही

ही सनद तीन वर्षांची असते. त्या मुदतीत ६० पी.डी.यू. जमवावे लागतात. एक पी.डी.यू. म्हणजे साधारण एका तासाचे शिक्षण वा काम. त्यांपैकी निदान ३५ शिकण्याचे हवेत. उरलेले या क्षेत्रात काम करून, इतरांना शिकवून किंवा लेख लिहूनही मिळतात. मुंबई आणि पुण्यात संस्थेच्या शाखा आहेत. तेथील व्याख्यानांचे तास यात धरता येतात. नूतनीकरणाचे शुल्क वेगळे असते. मुदत चुकली तर सनद एक वर्ष स्थगित राहते आणि त्या काळात नावापुढे पी.एम.पी. लावता येत नाही. तेही वर्ष गेले तर सनद रद्द होते आणि परीक्षा पुन्हा द्यावी लागते. वर्षाला वीस तास म्हटले तर महिन्याला दोन तासही होत नाहीत. तिसऱ्या वर्षाच्या शेवटच्या महिन्यावर सारे ढकलणारेच अडचणीत येतात.

खोट्या वाटेने जाऊ नये

परीक्षेला न बसता सनद मिळवून देतो, किंवा तुमच्या जागी दुसरा माणूस बसवतो, असे सांगणारा फसवतो आहे हे पक्के समजावे. सनदधारकांची यादी पी.एम.आय. ठेवते आणि कंपनी ती पाहू शकते. खोटा कागद उघडा पडला की नोकरी जाते, आणि त्याच गावच्या पुढच्या मुलाकडेही संशयाने पाहिले जाते. खोट्या शिक्क्याचा माल एकदा पकडला गेला म्हणजे साऱ्या पेठेचा भाव उतरतो, हे आपल्याला सांगायला नको.

आपल्या मुलांकडे हुनर आहे आणि मेहनतही आहे. ज्यांची मुले, भाऊ, भाचे बाहेर कामावर आहेत, त्यांनी एजंटाला पैसे पाठवण्याआधी त्यांना एवढेच विचारावे: गेल्या तीन वर्षांत काय काय काम केलेस, ते लिहून ठेवले आहेस का?