१५० डॉलरच्या आत बनलेल्या मशिनने पोकरच्या दिग्गजांना लोळवलं, पण सहा जणांच्या टेबलाचं खरं गणित वेगळंच आहे

जुलै २०१९. 'सायन्स' या जगातल्या मोठ्या विज्ञान नियतकालिकात एक पेपर छापून आला आणि पोकर खेळून पोट भरणाऱ्या लोकांच्या जगात एकच खळबळ उडाली.

झालं असं होतं की कार्नेगी मेलन युनिव्हर्सिटीचे नोम ब्राउन आणि तुओमास सँडहोम या दोघांनी फेसबुकच्या एआय टीमसोबत 'प्लुरिबस' नावाचा एक प्रोग्रॅम बनवला होता. ऑनलाइन टेबलावर सहा जागा. पाच जागांवर माणसं, सहाव्या जागेवर प्लुरिबस. १२ दिवस, १० हजार डाव. बरं, समोरची माणसं साधीसुधी नव्हती. आलटून पालटून बसणाऱ्या या १३ जणांपैकी प्रत्येकाने पोकरमध्ये १० लाख डॉलरपेक्षा जास्त कमावले होते.

मशिनने त्यांना हरवलं.

आणि ते मशिन शिकवून तयार करायला किती खर्च आला? क्लाउडचं भाडं धरून १५० डॉलरपेक्षा कमी. म्हणजे तेव्हाच्या हिशोबाने साधारण १० हजार रुपये.

आता तुम्ही म्हणाल, कॉम्प्युटरने बुद्धिबळात माणसाला कधीच हरवलंय, यात नवीन काय? नवीन होतं ते टेबलावरच्या माणसांची संख्या. २०१७ मध्ये याच दोघांच्या 'लिब्राटस'ने पोकरच्या चार तगड्या खेळाडूंना हरवलं होतं, पण ते समोरासमोर, एकास एक. दोघांच्या खेळात एक अशी पद्धत गणिताने काढता येते की लांबच्या पल्ल्यात तुम्ही हरतच नाही. तिसरा माणूस बसला की ती हमी संपते. आणि ऑनलाइन पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या पोकरमध्ये सगळ्यात चालणारं टेबल सहा जणांचंच, त्याला 'सिक्स-मॅक्स' म्हणतात. कॅसिनोत मात्र बहुतेक वेळा नऊ-दहा जण बसलेले असतात.

पत्ते तेच, नियम तेच. मग नऊच्या टेबलावर जिंकणारा गडी सहाच्या टेबलावर येऊन का हरतो?

आधी खेळ समजून घ्या

तीन पत्ती माहिती असेल तर निम्मं काम झालं. टेक्सास होल्डेममध्ये प्रत्येकाला दोन पत्ते मिळतात, ते झाकलेले. मधे पाच पत्ते उघडतात. आधी एकदम तीन, त्याला फ्लॉप म्हणतात. मग एक, तो टर्न. मग शेवटचा, तो रिव्हर. आपले दोन आणि मधले पाच अशा सातांतून सगळ्यात भारी पाच पत्ते ज्याचे, त्याचा पॉट. दर टप्प्यावर पैसे लावता येतात आणि 'नो-लिमिट' असल्यामुळे कुणीही कधीही समोरचे सगळे पैसे आत ढकलू शकतो.

तीन पत्तीत बूट सगळे टाकतात. इथे फक्त दोघं टाकतात, डीलरच्या बटणाच्या डावीकडचे. पहिला स्मॉल ब्लाइंड, दुसरा बिग ब्लाइंड. (तीन पत्तीत पत्ते न बघता खेळणं म्हणजे ब्लाइंड. इथे त्याचा काही संबंध नाही, इथे ती सक्तीची पट्टी आहे.) दर डावाला बटण एक जागा पुढे सरकतं, त्यामुळे ही पट्टी सगळ्यांना फिरून फिरून बसते.

हिशोबाला सोपं म्हणून स्मॉल ब्लाइंड १ रुपया आणि बिग ब्लाइंड २ रुपये धरू. म्हणजे टेबलाची एक फेरी पूर्ण झाली की प्रत्येकाच्या खिशातून ३ रुपये गेले. हे बसायचं भाडं.

नऊ जण असतील तर १०० डावांत साधारण ११ फेऱ्या होतात, म्हणजे भाडं ३३ रुपये. सहा जण असतील तर जवळपास १७ फेऱ्या, भाडं ५० रुपये. काहीच न खेळता, नुसते पत्ते टाकत बसलात तरी १०० डावांत २५ बिग ब्लाइंड गेले.

सगळा खेळ बदलतो तो इथे.

'चांगले पत्ते आले की खेळू' हा प्लॅन का फसतो

घरात दिवाळीला पत्ते खेळणाऱ्या प्रत्येकाची ही स्ट्रॅटेजी असते. थांबायचं, भारी पत्ते आले की तुटून पडायचं.

बघू तर मग. ५२ पत्त्यांतून दोन पत्त्यांच्या १,३२६ जोड्या होतात. त्यातल्या खरंच भारी, म्हणजे एक्के, बादशहा, राण्या, गुलाम यांच्या जोड्या आणि एक्का-बादशहा, एवढ्या धरल्या तर ४० भरतात. म्हणजे ३३ डावांत एकदा. तोपर्यंत नऊच्या टेबलावर ११ रुपये गेलेले असतात, सहाच्या टेबलावर साडेसोळा. आणि इतका वेळ शांत बसलेला माणूस एकदम रेज करतो तेव्हा बाकीचे पाचही जण काय ते समजून पत्ते टाकतात. हातात राण्यांची जोडी आणि कमाई ब्लाइंडचे ३ रुपये.

दुसऱ्या बाजूने बघा. समोर आठ जण असतील तर त्यातल्या कुणाकडे तरी वरच्या ४० पैकी जोडी असण्याची शक्यता अंदाजे २२ टक्के. समोर पाचच असतील तर ती १४ टक्क्यांवर येते. म्हणजे भाडं वाढलं, पण समोरचा धोका कमी झाला. दोन्ही गोष्टी एकच सांगतात की जास्त डाव खेळा.

पण कुठून? इथेच नवखे माती खातात. 'जास्त खेळा' ऐकलं की ते कुठल्याही जागेवरून काहीही खेळायला लागतात.

फ्लॉपनंतर बटणावरचा खेळाडू सगळ्यात शेवटी बोलतो. कोण घाबरलंय, कोण फुशारकी मारतंय हे बघून मग त्याला ठरवायचं असतं. ज्याला आधी बोलावं लागतं तो अंधारात. म्हणून सिक्स-मॅक्सचे चांगले खेळाडू पहिल्या जागेवरून साधारण सहापैकी एकच डाव खेळतात आणि बटणावरून जवळपास निम्मे. तेच पत्ते, पण एका खुर्चीवर ते फेकायचे असतात आणि दुसऱ्या खुर्चीवर त्यावर रेज मारायची असते.

बटणावरून चोरी कशी होते बघा. सगळ्यांनी पत्ते टाकले, आता फक्त दोन ब्लाइंडवाले उरले. तुम्ही ५ रुपये लावता, मधले ३ जिंकायला. दोघांनी आठपैकी पाच वेळा पत्ते टाकले तरी हिशोब बरोबरीत सुटतो, आणि हे तुमच्या हातात काहीही असताना. त्याहून जास्त वेळा टाकले तर निव्वळ फायदा.

आता बिग ब्लाइंडवाल्याच्या खुर्चीवर बसून बघा. पॉटमध्ये तुमचे ५, स्मॉल ब्लाइंडचा १ आणि त्याचे स्वतःचे २, असे ८ रुपये आहेत. त्याला फक्त ३ भरायचे आहेत. म्हणजे २७ टक्के वेळा जिंकला तरी त्याचं नुकसान नाही. इतक्या स्वस्तात मिळत असताना जो माणूस दर वेळी पत्ते टाकतो, तो सहाच्या टेबलावर लोकांचा आवडता माणूस असतो. त्याच्या शेजारी बसायला लोक जागा शोधतात.

प्लुरिबसने याच प्रश्नांची उत्तरं स्वतःच शोधली. त्याला माणसांचे डाव दाखवलेच नव्हते. स्वतःच्याच कॉप्यांशी खेळून खेळून तो शिकला. मजा म्हणजे जुन्या जाणत्यांचं एक म्हणणं त्याने खरं ठरवलं आणि एक खोटं.

खरं ठरलं ते लिंप करण्याबद्दल. लिंप म्हणजे रेज न करता नुसते २ रुपये भरून आत शिरायचं, 'बघू तर काय येतंय' म्हणत. स्मॉल ब्लाइंडची जागा सोडली तर ही खेळी तोट्याची, असं मशिनही म्हणालं.

खोटं ठरलं ते 'डाँक बेट'बद्दल. आधीच्या टप्प्यात ज्याने रेज केलं, पुढच्या टप्प्यावर त्याला आधी बोलू द्यायचं, असा रिवाज आहे. तो मोडून आपणच आधी पैसे लावले की त्याला डाँक म्हणतात, म्हणजे सरळसरळ गाढवपणा. प्लुरिबस हा गाढवपणा माणसांपेक्षा जास्त वेळा करायचा आणि जिंकायचा.

बाकी सगळ्यांना कुतूहल असतं ते ब्लफचं. सिनेमात ब्लफ म्हणजे गॉगल घातलेला हिरो आणि कपाळावरचा घाम. ऑनलाइन ना गॉगल, ना घाम. तिथे ब्लफ हे प्रमाण आहे. समजा रिव्हरला पॉटमध्ये ४० रुपये आहेत आणि तुम्ही ४० लावले. समोरच्याला ४० भरून ८० मिळवायचे आहेत, म्हणजे तीनपैकी एकदा तो बरोबर ठरला की भागलं. मग तुम्ही अशा तीन वेळांपैकी दोनदा खरे आणि एकदा ब्लफ असाल, तर तो भरो वा टाको, त्याला काहीच फरक पडत नाही. प्लुरिबस प्रत्येक चालीआधी आपल्याकडे असू शकणाऱ्या सगळ्याच जोड्यांचा विचार करायचा, नुसता हातातल्या जोडीचा नाही. त्यामुळे त्याचा चेहरा वाचणं तर सोडाच, सवयही सापडत नव्हती.

मात्र हे दोनास एकचं प्रमाण छोट्या रकमेच्या टेबलावर फारसं कामाचं नाही. तिथले लोक 'बघू तरी काय आहे' म्हणून सगळं भरतात. जो पत्ते टाकतच नाही त्याला ब्लफ मारणं म्हणजे स्वतःचेच पैसे जाळणं. तिथे भारी पत्त्यावर जास्त पैसे लावणं एवढंच काम असतं, आणि ते फार कंटाळवाणं आहे.

मग हे सगळं शिकलं की पैसे मिळतात का?

प्लुरिबसची कमाई होती १०० डावांत साधारण ४.८ बिग ब्लाइंड. आपल्या टेबलावर धरलं तर साडेनऊ रुपयांच्या आसपास. जगातल्या उत्तम खेळाडूंविरुद्ध ही कमाई खूप मोठी मानली जाते.

आता साइटचा वाटा बघा. पैशांच्या टेबलावर साइट प्रत्येक जिंकलेल्या पॉटमधून कट घेते, त्याला रेक म्हणतात. समजा तो ५ टक्के आहे. १०० डावांत तुम्ही सरासरी ३० रुपयांचे १० पॉट जिंकलात, तर १५ रुपये साइटला गेले. म्हणजे साडेसात बिग ब्लाइंड. मशिनच्या कमाईपेक्षा जास्त. मोठ्या टेबलांवर रेकला कमाल मर्यादा असल्याने तो तितका बोचत नाही, छोट्या टेबलावर मात्र तो सातवा खेळाडू असतो आणि तो कधीच हरत नाही.

आणि नशीब? सिक्स-मॅक्समध्ये पैसे वर-खाली होण्याचा वेग भयंकर असतो. १०० डावांमागे ८० ते १०० बिग ब्लाइंडचं प्रमाण विचलन नेहमीचं. ते ९० धरलं आणि रेक वजा जाऊन १०० डावांमागे ५ बिग ब्लाइंड कमावणारा तगडा खेळाडू घेतला, तरी १० हजार डावांनंतर तो तोट्यात असण्याची शक्यता जवळपास २९ टक्के निघते. उलटं पण खरं. सुमार खेळाडू हजार डाव जिंकत राहतो आणि आपल्याला जमतंय असं समजून मोठ्या टेबलावर जातो. या अडचणीमुळेच प्लुरिबसच्या प्रयोगातही नशिबाचा भाग कमी करायला संशोधकांना खास गणिती पद्धत वापरावी लागली होती.

भारतात हा विषय आता वेगळ्याच वळणावर आहे. पोकर कौशल्याचा की नशिबाचा, यावर आपल्याकडे वर्षानुवर्षं कोर्टात वाद चालले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि तो वादच बाजूला ठेवला. कौशल्य असो वा नशीब, पैसे लावून ऑनलाइन खेळ चालवण्यावर बंदी. चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही, जाहिरात करणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नुसत्या खेळणाऱ्याला शिक्षा नाही. देशातल्या मोठ्या पोकर ॲप्सनी पैशांची टेबलं तेव्हाच बंद केली. टेलिग्रामवर लिंक फिरतात त्या बहुतेक परदेशी साइट्सच्या, आणि तिथे पैसे अडकले तर दाद मागायला इथे कुणी नाही.

प्लुरिबसचा कोड मात्र त्याच्या निर्मात्यांनी आजवर खुला केलेला नाही. ऑनलाइन टेबलांवर त्याचा काय परिणाम होईल, याचीच त्यांना काळजी होती.