व्यस्त आव्यूह
एखाद्या चौरस आव्यूहाला ज्या आव्यूहाने गुणले असता एकक आव्यूह (मुख्य कर्णावर १ व इतरत्र ० असलेला) मिळतो, त्यास मूळ आव्यूहाचा व्यस्त आव्यूह म्हणतात. मूळ आव्यूहाचा निर्धारक शून्य नसेल, तरच तो अस्तित्वात असतो. उदा., २क्ष + य = ११ व ५क्ष + ३य = २९ यांतील सहगुणकांच्या (२, १; ५, ३) या आव्यूहाचा व्यस्त (३, −१; −५, २) असून त्यावरून क्ष = ३३ − २९ = ४ व य = −५५ + ५८ = ३ ही उत्तरे मिळतात.

आव्यूह मोठा असला, की हा सुबकपणा टिकत नाही. निर्धारकांचा विस्तार करण्याची शालेय रीत २० अज्ञातांनाच निरुपयोगी ठरते. कारण त्या विस्तारात सु. २४ वर १७ शून्ये इतकी पदे येतात. गौस यांच्या निरसन रीतीने न ओळींच्या आव्यूहाचा व्यस्त सु. न चा घन इतक्या, म्हणजे येथे ८,००० गुणाकारांत निघतो. समीकरणे एकदाच सोडवायची असल्यास याच्या सु. एक-तृतीयांश गुणाकार पुरतात व व्यस्त काढण्याचे कारणच उरत नाही. शिवाय व्यवहारातील मोठ्या आव्यूहांचे बहुतेक घटक शून्य असतात, त्यांच्या व्यस्ताचे मात्र बहुधा नसतात. १०,००० ओळींच्या आव्यूहात ओळीमागे ५ शून्येतर घटक असल्यास ५०,००० संख्या साठवाव्या लागतात. व्यस्तात त्या १० कोटी होऊ शकतात.

तरीही व्यस्त जपून ठेवणे कधीकधी फायद्याचे ठरते. मंद्रूपसारख्या (जि. सोलापूर) गावी उपलब्ध जमीन व पाणी यांच्या मर्यादेत ज्वारी, तूर व ऊस यांखाली किती क्षेत्र आणल्यास उत्पन्न सर्वाधिक होईल, हा एकघाती कार्यक्रमणाचा प्रश्न होय. तीन पिकांचा प्रश्न कागदावर सुटतो. विमानवाहतूक वा दूरध्वनिजाल यांच्या प्रश्नांत हजारो चल असतात. मुंबईच्या भारतीय तंत्रविद्या संस्थेचे पदवीधर नरेंद्र करमरकर यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत असताना १९८४ मध्ये अशा प्रश्नांसाठी नवी रीत प्रसिद्ध केली. तीत प्रत्येक पायरीला एका मोठ्या आव्यूहाचा व्यस्त लागतो. पण दोन पायऱ्यांच्या दरम्यान त्या आव्यूहातील फक्त एक कर्ण-आव्यूह बदलतो. त्याचे जे घटक ठराविक प्रमाणापलीकडे बदललेले नसतील, ते करमरकरांनी जुनेच ठेवले. उरलेल्या प्रत्येक घटकासाठी जुन्या व्यस्तात दुरुस्ती करण्यास केवळ न च्या वर्गाच्या प्रमाणात गुणाकार लागतात. त्यामुळे पायरीमागील सरासरी श्रम न च्या ३ ऱ्या घाताऐवजी २·५ व्या घाताच्या प्रमाणात आले.

सिद्धांतातील ही लक्षणीय युक्ती प्रत्यक्ष संगणकीय आज्ञावलींत मात्र फारशी रुजली नाही. दुरुस्त्यांबरोबर पूर्णांकनाच्या चुका साठत जातात आणि शून्यांचा लाभही जातो. म्हणून तेथे शोलेस्की यांच्या रीतीने आव्यूहाचे दोन त्रिकोणी अवयव पाडून समीकरणे सोडवितात. संख्याशास्त्रात गोष्ट वेगळी आहे. प्र. चं. महालनोबीस यांनी १९३६ मध्ये मांडलेल्या अंतराच्या व्याख्येतच व्यस्त येतो आणि लघुतम वर्ग रीतीत व्यस्ताच्या कर्णावरील घटकांवरूनच प्रत्येक आकलकाचे प्रचरण काढतात. तेथेही सर्व घटक लागत नसल्यास तेवढेच काढण्याचा प्रघात आहे.