मांजराची शुगर मोजायची, पण मीटर कुठला घ्यायचा?

(ज्यांना कानाऐवजी डोळ्यांनी ऐकायला आवडतं, त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. बोलतानाचे माझे 'म्हणजे', 'आपलं' आणि एक शिंक तेवढी गाळली आहे.)

आजचा भाग पाचगणीतून. बाहेर धुकं आहे, खिडकी बंद आहे, तरी मधेच म्याँव ऐकू आलं तर दचकू नका. तो आजचा पाहुणा आहे. नाव ढब्बू. वय नऊ, नसबंदी झालेला बोका, नावाला जागणारं वजन, आणि गेल्या वर्षापासून डायबेटिक.

हो, मांजरांना डायबेटिस होतो. मध्यमवयीन, जाड, घरात लोळणाऱ्या बोक्यांना जास्त. ढब्बू अचानक भांडंभर पाणी प्यायला लागला, त्याची माती दिवसातून दोनदा बदलावी लागायला लागली, आणि भरपूर खाऊनही पाठीचा कणा हाताला लागायला लागला. ही तीन लक्षणं एकत्र दिसली तर उशीर करू नका.

डॉक्टरांनी दिवसातून दोनदा इन्सुलिन सांगितलं आणि म्हणाले, "घरी शुगर मोजायला शिका." मला वाटलं, एवढं काय? महिन्यातून एकदा दाखवायला नेऊच की. पण एक गंमत ऐका. पाचगणीहून पसरणीचा घाट उतरून वाईमार्गे जायचं म्हणजे ढब्बू पिंजऱ्यात पूर्ण वेळ रडत असतो. दवाखान्यात शेजारी कुत्रा. तिथे शुगर आली ३८०. चार दिवसांनी त्याच वेळेला घरी, सोफ्यावर, २१०. घाबरलेल्या मांजराची शुगर नुसत्या ताणानेच खूप वर जाते. दवाखान्यातल्या त्या एका आकड्यावर डोस वाढवला असता तर? म्हणून घरचा मीटर.

मग मी इंजिनियर लोक करतात तेच केलं. स्प्रेडशीट उघडली.

माणसाचा मीटर मांजराला चालतो का?

चालतो, पण तो कमी दाखवतो. का, ते समजून घ्या, कारण सगळी निवड त्यावर उभी आहे.

रक्तातली साखर दोन ठिकाणी असते. लाल पेशींच्या आत, आणि पेशी ज्यात तरंगतात त्या पातळ भागात, म्हणजे प्लाझ्मात. माणसाच्या रक्तात साधारण ५८ टक्के साखर प्लाझ्मात आणि ४२ टक्के पेशींत. मांजरात ९३ टक्के प्लाझ्मात आणि फक्त ७ टक्के पेशींत. माणसाच्या मीटरमधला हिशोब माणसाची वाटणी धरून केलेला असतो. त्यात मांजराचं रक्त घातलं की उत्तर खऱ्यापेक्षा खाली येतं.

प्राण्यांसाठी बनवलेले मीटर हा फरक धरूनच येतात. सगळ्यात माहितीतला म्हणजे अल्फाट्रॅक. त्याला मांजर की कुत्रा हे सांगावं लागतं. अल्फाट्रॅक २ मध्ये स्ट्रिपच्या डबीवरचा मांजराचा कोड टाकायचा असतो, तो चुकला तर आकडाही चुकला. रक्त लागतं फक्त ०.३ मायक्रोलिटर. मोहरीच्या दाण्याहूनही लहान थेंब.

स्प्रेडशीटमध्ये अर्थातच हा पहिला आला. मी मागवला. आणि इथेच फसलो.

जुलैची ती रात्र

त्या मीटरच्या स्ट्रिप्स पाचगणीत कुठल्याच मेडिकलमध्ये मिळत नाहीत. ऑनलाइन मागवायच्या आणि वाट बघायची. जुलैमध्ये पाऊस लागला, पार्सल लांबलं आणि डबी संपली. तीन दिवस मी न मोजता इन्सुलिन देत राहिलो. डोस तोच, बोका तोच, काय होणार आहे?

मांजरांच्या डायबेटिसमध्ये एक चांगली गोष्ट अशी की, लवकर आटोक्यात आला तर काही मांजरांची इन्सुलिनची गरज कमी होत जाते, काहींची तर सुटतेच. पण याचाच अर्थ असा की मागच्या महिन्यातला बरोबर डोस या महिन्यात जास्त होऊ शकतो. आणि हे मांजर तोंडाने सांगत नाही.

रात्री साडेअकराला ढब्बू स्वयंपाकघरात आला तो झिंगल्यासारखा. मागचे पाय लटपटत होते. हाक मारली तर बघेना. घाटात हात पुढे केला तर हात दिसणार नाही असं धुकं. माझ्याकडे सगळ्यात भारी मीटर होता, आणि त्यात घालायला एक स्ट्रिप नव्हती.

आई उठली. तिला स्वतःला शुगर आहे. तिने कपाटातून आपला मीटर काढला आणि म्हणाली, "अरे, हा घे की. रक्त ते रक्तच." आकडा आला ४४. माणसाचा मीटर कमी दाखवतो हे मला माहीत होतं, पण समोर बोका लटपटत असताना ते गणित करत बसायचं नसतं. बोटाने हिरड्यांना मध चोळला, डॉक्टरांना फोन लावला, ते सांगत गेले तसं करत गेलो. गिळायला लागल्यावर खाणं दिलं. दर पंधरा मिनिटांनी मोजत होतो, आईच्याच स्ट्रिप्सवर. पहाटे तीनला त्याने माझा हात चावला. तेव्हा कळलं, गडी परत आला. उजाडल्यावर दवाखान्यात नेलं.

स्प्रेडशीटमध्ये मी अचूकतेला सगळ्यात जास्त गुण दिले होते. 'रात्री साडेअकराला स्ट्रिप असेल का?' हा रकानाच नव्हता.

खोटा काटा आणि वेडा काटा

आमच्याकडे स्ट्रॉबेरीच्या दिवसांत रस्त्याकडेला वजनकाटे दिसतात. समजा एक काटा नेहमी थोडं कमी दाखवतो. आणि दुसरा कधी कमी, कधी जास्त, मनाला येईल तसं दाखवतो. पहिल्यावर धंदा होऊ शकतो, कारण तो कुठल्या बाजूला खोटा आहे हे माहीत आहे. दुसरा फेकून द्यायचा.

मांजराला लावलेला माणसाचा चांगला मीटर हा पहिल्या जातीचा. तो खाली झुकतो, म्हणजे त्याची चूक बहुतेक वेळा सावधगिरीच्या बाजूला पडते. पण झुकाव ठरावीक नसतो. तपासणीच्या दिवशी मी आईच्या कंपनीचाच नवा मीटर सोबत नेला आणि लॅबसाठी घेतलेल्या त्याच रक्ताचा थेंब त्यावर टाकला. एकदा मीटरवर २३८ आणि लॅबमध्ये २९१. दुसऱ्या वेळी ११८ आणि १४०. म्हणजे 'सरळ पन्नास मिळवा' असलं सूत्र चालत नाही. वरच्या आकड्यांत फरक मोठा, खालच्यांत लहान.

शिवाय माणसावरसुद्धा कुठलाच मीटर देवाचा नसतो. आयएसओ १५१९७ या २०१३ च्या मानकात १०० च्या वर १५ टक्के आणि १०० च्या खाली १५ एकक इकडेतिकडे चालतं, आणि तेही शंभरातल्या ९५ वेळांना. त्यामुळे एका आकड्यावर डोस हलवायचा नाही. आठवडाभराचा कल बघायचा आणि डॉक्टरांना दाखवायचा.

सगळ्यात धोकादायक गोष्ट आता सांगतो. परदेशी व्हिडिओंमध्ये डोसचे तक्ते असतात. काही माणसाच्या मीटरसाठी, काही प्राण्यांच्या मीटरसाठी. माणसाच्या मीटरवरचा ५० आणि प्राण्यांच्या मीटरवरचा ५० हे एक नव्हेत. दुसरा खरोखरच फार खाली आहे. तक्ता एकाचा आणि मीटर दुसऱ्याचा, असं कधीही करू नका. काही व्हिडिओंत आकडे ५, १२ असे लहान दिसतील. ते एकक वेगळं आहे, १८ ने गुणलं की आपलं एकक येतं.

मग घ्यायचा कुठला?

माझा क्रम आता असा आहे.

एक, गावातल्या मेडिकलमध्ये ज्याच्या स्ट्रिप्स बारा महिने मिळतात तो. आधी दुकानात विचारा, मग मीटर घ्या. आमच्या मेडिकलवाल्याने विचारलं, "दादा, पेशंटचं वय काय?" म्हटलं, नऊ. बिचारा एकदम गप्प झाला. बोका आहे म्हटल्यावर चहा पाजला.

दोन, थेंब लहान लागणारा. मांजराच्या कानाच्या कडेतून टोचून मिळतं तेवढंच रक्त. अॅक्यू-चेक इन्स्टंट आणि कॉन्टूर प्लस यांना ०.६ मायक्रोलिटर लागतं. कॉन्टूर प्लसमध्ये थेंब अपुरा पडला तर त्याच स्ट्रिपवर लगेच दुसरा लावता येतो. हलणाऱ्या मांजरासाठी हे फार कामाचं.

तीन, स्ट्रिपची किंमत. मीटर एकदाच घेता, स्ट्रिप रोज. पन्नास स्ट्रिप्सच्या डबीची किंमत धरून महिन्याचा हिशोब करा, मीटरवरची सूट बघून नको.

चार, ठरला की तोच ठेवा, आणि डॉक्टरांना त्याचं नाव सांगा. ते त्यावरूनच तुमच्या मांजरासाठी धोक्याची रेषा आखून देतील.

खांद्याजवळचे केस काढून लावायचा फ्रीस्टाइल लिब्रेसारखा सेन्सरही मांजरांना लावतात. टोचणं वाचतं, दिवसभराचा आलेख मिळतो. पण माणसावर चौदा दिवस टिकणारा सेन्सर मांजर त्याआधीच उपटू शकतं. शिवाय तो रक्तात नाही, त्वचेखालच्या द्रवात मोजतो, म्हणून शुगर झपाट्याने बदलताना मागे राहतो. डोस बसवण्याच्या काळात उत्तम, पण टोचायचा मीटर हाताशी हवाच.

पाचगणीकरांनो, आपल्यासाठी खास: पावसाळ्यात स्ट्रिपची डबी उघडी ठेवू नका, फ्रिजमध्येही नको. स्ट्रिप काढली की झाकण लगेच बंद. उघडल्याची तारीख डबीवर लिहा.

आणि कान टोचण्याआधी तो गरम करा. मोज्यात तांदूळ भरून कोमट केलेली पुरचुंडी अर्धा मिनिट धरा. मागे कापूस धरा म्हणजे बोट टोचत नाही. नंतर दाबून ठेवा आणि खाऊ द्या. ढब्बू आता डबीचा आवाज आला की स्वतः येऊन बसतो, चिकनच्या तुकड्यासाठी. घरात दोन पेशंट असतील तर टोचायचं पेन मात्र दोघांचं वेगळं ठेवा.

आकडा खाली असेल, किंवा मांजराने खाल्लं नसेल, तर इंजेक्शन देण्याआधी डॉक्टरांना फोन. मीटर काहीही म्हणो, मांजर लटपटत असेल तर आधी मांजराचं ऐका.

अल्फाट्रॅक अजून कपाटात आहे. चांगला मीटर आहे. पुण्यात राहत असतो, स्ट्रिप्स हाताशी असत्या, तर कदाचित तोच वापरला असता. पण आमच्या घरी आता आई आणि ढब्बू एकाच कंपनीच्या स्ट्रिप्सवर आहेत. आई म्हणते, "महिन्याचं वाणसामान लिहिताना एक ओळ वाचली."

तर मंडळी, तुमच्याकडे असा गोड पेशंट असेल तर हा भाग त्या घरी पाठवा. आणि आज उठून एक काम करा: डबीतल्या स्ट्रिप्स मोजा. दहाच्या खाली असतील तर आत्ता मेडिकल गाठा. भेटू पुढच्या भागात.