हळदीचा पिवळा आणि पडद्याचा पासंग

शहापूर-मुरबाडकडे हळदीची रात्र लग्नाइतकीच मोठी असते. मांडवात बेंजो वाजतो, वरून हॅलोजनचा झोत, बाजूला रंग बदलणारे एलईडी, आणि या सगळ्या सरमिसळ उजेडात फोटोग्राफर हळदीनं माखलेले चेहरे टिपत असतो. त्याची खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सुरू होते. लॅपटॉपच्या पडद्यावर हळद केशरीकडे झुकते, शेजारी जोडलेल्या पोर्टेबल मॉनिटरवर तीच फिकट आणि किंचित हिरवट दिसते, फोनवर डोळ्यांत भरेल इतकी भडक होते. अल्बम छापून आला की त्यात आणखी चौथाच पिवळा निघतो.

यातला चुकलेला पिवळा महागात पडतो. शहापूरला निदान आसनगावचं स्टेशन जवळ आहे. मुरबाडला रेल्वे नाही आणि कल्याण सुमारे ३० किलोमीटरवर. छपाईसाठी कल्याण-ठाण्याची वाट धरणाऱ्याला फसलेला अल्बम म्हणजे कागदाचा खर्च, एक जादा फेरी आणि वरमाईची नाराजी. त्यामुळे १५.६ इंचांचा, पिशवीत मावणारा, एका केबलवर चालणारा हा दुसरा पडदा कामाला कितीही सोयीचा असला, तरी त्यावर दिसणाऱ्या रंगाचा भरवसा धरावा का, हा प्रश्न उरतोच.

फोटोच्या फाइलमध्ये रंग नसतो, आकडे असतात. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे, प्रत्येक ० ते २५५ मधला. हळदीच्या ठिपक्यात लाल भरपूर, हिरवा त्याहून थोडा कमी आणि निळा अगदी नावाला. पण ‘लाल २३०’ म्हणजे नेमका केवढा लाल? हे ठरवण्यासाठी एचपी आणि मायक्रोसॉफ्ट या कंपन्यांनी १९९६ मध्ये एसआरजीबी नावाची मोजपट्टी मांडली आणि १९९९ मध्ये ती आंतरराष्ट्रीय मानक झाली. मूळ लाल, हिरवा, निळा कोणते, पांढरा किती पांढरा आणि काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या पायऱ्या कशा चढायच्या, हे सगळं तिथं ठरलेलं आहे. जो मॉनिटर ही बोली पाळतो, त्याचा रंग खरा. स्वस्त पोर्टेबल मॉनिटर ती अनेक ठिकाणी मोडतो. त्यातल्या बऱ्याचशा चुका फुकटात दुरुस्त होतात, काही यंत्र लावून होतात आणि एक मात्र कशानंच होत नाही.

सुरुवात विजेपासून करावी. पूर्ण उजेडावर असा मॉनिटर साधारण १० वॅट घेतो. लॅपटॉपचं यूएसबी-सी पोर्ट कधी १५ वॅट देतं, कधी साडेसातच. वीज अपुरी पडली की मॉनिटर गुपचूप स्वतःचा उजेड उतरवतो किंवा लुकलुकतो. मग सकाळी केलेलं सेटिंग संध्याकाळी लागू पडत नाही. मॉनिटरला वेगळा चार्जर लावणं हा सगळ्यात सोपा उपाय.

दुसरी चूक एचडीएमआय केबलवर सापडते. टीव्हीच्या जुन्या रिवाजात काळा ० वर नसून १६ वर असतो आणि पांढरा २५५ ऐवजी २३५ वर. मॉनिटरला टीव्ही समजून कॉम्प्युटर असा आखडलेला सिग्नल पाठवतो आणि मॉनिटर मात्र पूर्ण सिग्नलची वाट पाहत असतो. मग काळी चंद्रकळा राखाडी दिसते आणि सगळा फोटो धुवट होतो. उलट घडलं तर सावल्या काळ्यात बुडतात आणि मुंडावळ्यांचे मोती एकसलग पांढरे दिसू लागतात. ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये आरजीबी आणि ‘फुल’ निवडलं, मॉनिटरच्या मेनूतही तेच ठेवलं, की अर्धी तक्रार तिथंच मिटते. अनेकांनी नव्या मॉनिटरच्या ‘खराब पॅनेल’वर ठेवलेला ठपका खरं तर या एका सेटिंगचा असतो.

मेनूतले ‘मूव्ही’, ‘गेम’, ‘आय केअर’, ‘एचडीआर’ असे मोड बंद करावेत. खोक्यावर एचडीआर लिहिलेलं असलं, तरी अशा मॉनिटरचा उजेड त्या नावाला पुरा पडत नाही. विंडोजचं ‘नाइट लाइट’ही बंद हवं, ते संध्याकाळ झाली की निळा रंग कमी करतं आणि पडदा पिवळा पाडतं. हळदीचे फोटो निवडताना हे विशेष नडतं.

आता पांढरा. एसआरजीबीचा पांढरा म्हणजे साधारण ६५०० केल्विनचा, दिवसाच्या सरासरी उजेडासारखा. आकडा वाढला की पांढरा निळसर होतो, उतरला की पिवळसर. घरातला पिवळा बल्ब २७०० च्या आसपास असतो. स्वस्त पॅनेल बरेचदा निळ्याकडे झुकलेलं असतं. कोरा कागद त्यावर झकपक दिसतो, पण हळद हिरवट पडते आणि चेहऱ्यांवर आजारपणाची कळा येते. मेनूत कलर टेंपरेचर ‘यूजर’वर ठेवून निळ्याचा आकडा हळूहळू उतरवायचा. ताडून पाहायला आधार हवा, तर फोनचा डिस्प्ले ‘नॅचरल’ मोडवर ठेवावा, आपोआप रंग बदलणाऱ्या सोयी बंद कराव्यात आणि दोन्ही पडद्यांवर एकच करडी पट्टी लावावी. करड्यात गुलाबी, हिरवी किंवा निळी झाक राहिली नाही की काम भागलं. ही डोळ्यांची मोजणी आहे, ढोबळच. पण आधीच्या घोळापेक्षा कितीतरी बरी.

नेमकेपणा हवा असेल तर कलरीमीटर लागतो. मुठीत मावणारं हे यंत्र पडद्यावर टेकवून ठेवलं की सॉफ्टवेअर एकामागून एक रंगांचे चौकोन दाखवतं, यंत्र प्रत्यक्षात उमटलेला रंग मोजतं आणि हवा होता तो व दिसला तो यांच्यातलं अंतर टिपतं. दुकानदार रिकाम्या तराजूचा पासंग काढतो, तसाच हा पडद्याचा पासंग. या अंतराला डेल्टा ई म्हणतात. ते १ च्या आसपास असेल तर डोळ्याला फरक जेमतेम कळतो, २ पर्यंत काम उत्तम चालतं, ५ च्या पुढं गेलं की पाहुण्यालाही तो खटकतो. मोजणीआधी मॉनिटर अर्धा तास चालू ठेवावा आणि उजेड १०० ते १२० निट्सवर आणावा. डेटाकलरचा स्पायडर आणि कॅलिब्राइटची यंत्रं बाजारात मिळतात. त्यांच्याबरोबर येणारं सॉफ्टवेअर नको असेल, तर आर्गिलसीएमएस आणि त्यावर चालणारं डिस्प्लेकॅल ही दोन्ही फुकट आहेत.

मोजणीतून आयसीसी प्रोफाइल नावाची एक छोटी फाइल तयार होते. ‘या पडद्याचा लाल इतका कच्चा, निळा इतका तेज’ अशी ती त्या पडद्याची कुंडलीच. ती एका मॉनिटरचीच असते. लॅपटॉपची प्रोफाइल शेजारच्या पडद्याला लावली तर रंग सुधारायच्या ऐवजी बिघडतात. केबल दुसऱ्या पोर्टला लावल्यावर प्रोफाइल जागेवर आहे ना, हेही बघावं लागतं. आणखी एक गोष्ट: फोटोशॉप, लाइटरूमसारखे प्रोग्रॅम ही फाइल पूर्ण वाचतात, फोटो दाखवणारे साधे प्रोग्रॅम वाचतीलच असं नाही. एकच फोटो एकाच पडद्यावर दोन खिडक्यांत दोन रंगांचा दिसला, तर कारण हेच.

उरली ती न सुटणारी चूक. खोक्यावर कोपऱ्यात ‘४५ टक्के एनटीएससी’ असं लिहिलेलं असतं. एनटीएससी म्हणजे अमेरिकेतल्या रंगीत टीव्हीचं १९५३ चं माप. एसआरजीबीचा आवाका त्याच्या साधारण ७२ टक्के. म्हणजे ४५ टक्क्यांचा पडदा एसआरजीबीतले जेमतेम ६० ते ६५ टक्के रंग दाखवू शकतो. बाकीचे त्या पॅनेलमध्ये नाहीतच आणि कुठलंही कॅलिब्रेशन ते आणू शकत नाही. आवाक्याबाहेरचा रंग प्रोफाइल जवळच्या उपलब्ध रंगावर नेऊन बसवते. नवरीच्या लालभडक शालूच्या चुण्या मग एकमेकींत मिसळतात आणि कुंकू विटकरी होतं. विकत घेताना म्हणूनच ‘१०० टक्के एसआरजीबी’ किंवा ‘७२ टक्के एनटीएससी’ हे शब्द शोधावेत; फोर-के आणि एचडीआरपेक्षा त्यांचं मोल जास्त.

पण अरुंद पडदा प्रत्येक कामाला अरुंद नसतो. २०१४ मध्ये ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा झाला आणि वारली चित्रकलेचं माहेर मानला जाणारा डहाणूचा परिसर तिकडं गेला. तरी शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरही वारली समाज आहेच. त्या चित्रात गेरूची तांबूस-तपकिरी भिंत आणि तांदळाच्या पिठाचा पांढरा, एवढाच रंगांचा संसार. गेरूचा लाल लोहाच्या ऑक्साइडमुळे येतो आणि तो मवाळ असतो. ४५ टक्क्यांच्या पडद्यातही तो आरामात बसतो. म्हणजे वारली चित्रांचे फोटो विक्रीसाठी तयार करणाऱ्याला स्वस्त मॉनिटर नीट मोजून घेतला तर पुरतो. त्याची अडचण पांढऱ्याच्या झाकेची असते, आवाक्याची नव्हे. लग्नाच्या अल्बमवाल्याचं मात्र शालू आणि कुंकवापाशी अडतं. वाढदिवसाचे फ्लेक्स करणाऱ्याची गोष्ट आणखी निराळी: पडद्यावरचा झगझगीत निळा छपाईच्या चार शाईंत बसतच नाही आणि चौकात लागतो तेव्हा जांभळट दिसतो. तिथं दोष पडद्याचा नसून शाईचा असतो.

पोर्टेबल पडद्याची आणखी एक खोड म्हणजे तो कुठंही मांडता येतो. आज ओटीवर, उद्या हिरव्या डिस्टेंपरच्या खोलीत, परवा गाडीत. भिंतीचा रंग आणि खिडकीचा उजेड डोळ्याचा अंदाज बदलतो. रंगाचं काम तरी एका ठरलेल्या जागी, पाठीमागे खिडकी न ठेवता आणि पडद्यासमोर सरळ बसून करावं. कल्याणला अख्खा अल्बम धाडण्याआधी त्याच लॅबमधून एक नमुना पान छापून घ्यावं. त्यात हळद, शालू, सावळा चेहरा आणि एक करडी पट्टी असली की चारही गोष्टी एकदम तपासता येतात. पान दिवसाच्या उजेडात पडद्याशेजारी धरावं आणि पडद्याचा उजेड कागदाइतका उतरवावा. छापील फोटो ‘काळे’ येतात ही तक्रार बहुतेक वेळा प्रखर ठेवलेल्या पडद्यामुळेच उद्भवते.

कलरीमीटरची किंमत अनेकदा खुद्द अशा मॉनिटरइतकीच होते, म्हणून एकट्या स्टुडिओला तो परवडत नाही. पण मोजणीचं काम महिन्या-दोन महिन्यांतून एकदाच असतं आणि एका पडद्याला साधारण अर्धा तास पुरतो. शहापूर, किन्हवली, सरळगाव, टोकावडे इथल्या चार स्टुडिओंनी मिळून एक यंत्र घेतलं, तर तुळशीच्या लग्नाआधीच्या एका दुपारी चौघांचेही पडदे मोजून होतील. वैशाखातल्या दाट तिथींपूर्वी हीच फेरी पुन्हा करावी.