अजिंठ्याच्या छतावरचे इराणी

टाउन हॉलच्या संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या टेकडीतून निघालेली पोसायडनची कांस्यमूर्ती आहे. ती पाहिली की पंचगंगाकाठचा रोमशी असलेला संबंध कोल्हापूरकराला वेगळा पटवून द्यावा लागत नाही. इराणशी असलेल्या नात्याची तितकीच ठळक खूण पाहायला मात्र अजिंठ्याला जावं लागतं.

इस्लामपूर्व इराणची चित्रकला फार थोडी उरली. सूसाच्या राजवाड्यातले झिलईच्या विटांवरचे धनुर्धारी टिकले. सीस्तानात कूह-इ-ख्वाजाच्या भिंतींवरचे काही तुकडे मिळाले. तिसऱ्या शतकातला धर्मसंस्थापक मानी चित्रकार म्हणून गाजला, पण त्याचा चित्रग्रंथ गेला; त्याच्या अनुयायांची चित्रं सापडली ती थेट तुर्फानच्या वाळवंटात. इ.स. ३६३मध्ये रोमन सैन्याबरोबर इराणवर चालून गेलेल्या अम्मियानुसने लिहून ठेवलं की, हे लोक कत्तल आणि लढाईशिवाय काही रंगवत नाहीत.

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्याच्या छतावर हेच लोक निवांत बसलेत. टोकदार टोपी, दाढी, अंगभर झगा, पायांत पट्ट्यापट्ट्यांचे मोजे; हातात पेला, शेजारी स्त्री, भोवती सेवक. १८७९मध्ये वास्तुइतिहासकार फर्ग्युसनने यात इराणचा राजा दुसरा खुस्रो आणि त्याची राणी शिरीन पाहिले, भिंतीवरच्या दरबारात चालुक्य राजा पुलकेशीकडे आलेला इराणी वकील पाहिला. ही गोष्ट आपल्याला इतकी आवडली की अजून ऐकू येते. पण आज बहुतेक अभ्यासक हे लेणं वाकाटक हरिषेणाच्या काळातलं, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातलं मानतात; खुस्रो गादीवर आला ५९०मध्ये. भिंतीवरचा प्रसंगही बौद्ध कथेतला ठरतो. राजे गेले याची मला हळहळ नाही. उरलेली गोष्ट मोठी आहे: आपल्या चिताऱ्याला परदेशी माणूस इतका ओळखीचा होता, की त्याने मोज्यांचे पट्टेसुद्धा सोडले नाहीत.

१८८०च्या दशकात आपले कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान मुंबईत जे. जे.मध्ये शिकत होते, त्याच सुमारास तिथल्या ग्रिफिथ्स यांचं अजिंठ्याच्या नकलांचं काम पुरं होत आलं होतं. त्यातल्या कितीतरी नकला १८८५मध्ये लंडनला आगीत जळाल्या. त्याआधी, १८६६मध्ये, ग्रिफिथ्सच्या आधी नकला करणाऱ्या गिलच्या कामाचीही तीच गत झाली होती. हा घाव भरून येणारा नाही, कारण मूळ छताचेही पोपडे गळालेत.

तरी निळा रंग अजून दिसतो. तो लाजवर्दाचा, बदख्शानच्या खाणीतून निघून व्यापाऱ्यांच्या हातांतून सह्याद्रीपर्यंत पोचलेला दगड, आणि त्याचं नावही फारसी.